वहीतून पुस्तकात: क्विल्ट शिकवणाऱ्या बाया लेखिका कशा झाल्या



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी उभं आयुष्य शाळेत शिवण शिकवलं. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या हाताला वळण त्यांनीच लावलं असेल. पण त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. त्यात नवल काही नाही. हाताचं काम शिकवणारी बहुतेक माणसं पुस्तक न लिहिताच जातात. म्हणून आज मी विषय निवडला आहे तो असा, की हस्तकला शिकवणारं माणूस ग्रंथकार कधी होतं, कशामुळे होतं, आणि कुठे अडतं. उदाहरणाला घेतली आहे क्विल्ट, कारण या एका कलेत गेल्या पन्नास वर्षांत शिक्षिकांनी लिहिलेल्या पुस्तकांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत.

क्विल्ट म्हणजे तीन थरांचं पांघरूण. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचा किंवा तशाच कशाचा तरी भराव, खाली अस्तर, आणि तिन्ही थर धरून ठेवणारे टाके. आपली गोधडी याच कुळातली. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. माझं म्हणणं मात्र आत्ताच सांगून टाकतो. शेजारी बसून शिकता येतं तोवर पुस्तकाची गरज पडत नाही. आई टाका घालते, मुलगी बघते, चुकलं की आई उसवायला लावते. शिकणारी अनोळखी असली, आठवड्यातून दोनच तास भेटणारी असली, की शिकवणारीला हातातलं ज्ञान आधी शब्दांत आणि आकड्यांत मांडावं लागतं. ती एक कागद काढते, मग दुसरा, मग टाचलेली वही. त्या वहीचं पुढे पुस्तक होतं. पुस्तकाची खरी जन्मभूमी वर्ग आहे, आणि वर्ग जमतो तो परक्यांचा.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत क्विल्टवरचं पहिलं स्वतंत्र पुस्तक १९१५ साली निघालं. ते इंडियाना राज्यातल्या मेरी वेब्स्टर यांचं. त्यात क्विल्ट कशी करावी हे सांगितलं आहे, पण बरीचशी पानं क्विल्टचा इतिहास, नमुने आणि त्यांची नावं यांनी भरलेली आहेत. १९३१ साली रूबी मॅकिम यांनी एकशे एक ठिगळनमुन्यांचं पुस्तक काढलं. या बाई चित्रकला शिकवत असत, आणि त्यांच्या आकृत्यांची सफाई पाहिली की ते कळतं. तरीही या काळातली पुस्तकं आणि वर्तमानपत्रांतले नमुने वाचताना एक गोष्ट लक्षात येते: वाचणारीला शिवता येतं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. नमुना द्यायचा, रंग सुचवायचे, बाकी तिचं तिला माहीत. 

१९७० नंतर हे गृहीत मोडलं. १९७१ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. पुढे १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी झाली आणि जुन्या घरगुती वस्तूंचं कौतुक गावोगाव पसरलं. क्विल्ट शिवाविशी वाटणाऱ्या बायका हजारोंनी पुढे आल्या. पण यातल्या पुष्कळ जणींच्या आयांनी क्विल्ट शिवलीच नव्हती. आजीच्या हातची क्विल्ट पेटीत होती, आजी नव्हती. मधल्या पिढीने दुकानातली ब्लँकेटं वापरली होती. शिकायचं कोणाकडून? प्रौढशिक्षणाच्या वर्गात, कापडाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कम्युनिटी कॉलेजात. तिथे शिकवायला उभ्या राहिलेल्या बायकांपैकीच काही पुढे लेखिका झाल्या.

कॅलिफोर्नियातल्या रॉबर्टा हॉर्टन यांचं उदाहरण घ्या. त्या क्विल्टचे वर्ग घेत. विद्यार्थिनींची मोठी अडचण रंगांची असे. छापील फुलांचं कापड समोर आलं की नजर फुलांवर जाते, रंगाची गडद-फिकी छटा दिसत नाही. आमिश पंथाच्या लोकांच्या जुन्या क्विल्ट छापाविना, एकरंगी कापडांच्या असतात. तेव्हा आमिश क्विल्ट समोर ठेवून रंग शिकवायचा, अशी त्यांच्या पुस्तकाची योजना. ‘अ‍ॅन आमिश अ‍ॅडव्हेंचर’ हे पुस्तक १९८३ साली निघालं आणि त्यावर स्वतःची ओळख लिहिली होती ती रंगांचं कार्यपुस्तक अशी. वाचायचं पुस्तक म्हणून ते लिहिलेलंच नाही. एक धडा घ्या, तेवढं शिवा, मग पुढचा. प्रकाशक कोण? लाफायेट गावात कॅरोली आणि टॉम हेन्सली यांचं कापडाचं दुकान होतं. त्या नवराबायकोने आपल्या नावांची आद्याक्षरं जोडून सी अँड टी ही प्रकाशनसंस्था त्याच साली सुरू केली, आणि पुढे ती या विषयातली मोठी संस्था झाली. वर्ग, दुकान आणि छापखाना असे एका रांगेत आले.

एलिनॉर बर्न्स यांनी प्रकाशकाची वाटही पाहिली नाही. १९७८ साली त्यांनी ‘लॉग कॅबिन’ या जुन्या नमुन्याचं पुस्तक पदरचे पैसे घालून काढलं, आणि नावातच एका दिवसात क्विल्ट करण्याचं वचन दिलं. लॉग कॅबिनमध्ये मध्यभागी एक छोटा चौकोन असतो आणि त्याच्याभोवती पट्ट्या फिरत जातात. दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. नमुना कोणाच्याही मालकीचा नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. मग बाईंचं त्यात काय? त्यांचा क्रम. तुकडे एकेक करून कापण्याऐवजी लांब पट्ट्या करायच्या, मशीनवर एका पट्टीला चौकोनामागून चौकोन जोडत जायचं, मग कापून मोकळे करायचे. वर्गात दहा-बारा जणी एकाच वेळी काम करत असतील तर कोणत्या पायरीला गर्दी होते, कोण कुठे थांबते, हे दिसतं. ते पाहिलेल्या माणसालाच असा क्रम लावता येतो.

नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉर्जिया बोनस्टील यांची गोष्ट अशीच. टाके घालायला पूर्वी खोलीभर लाकडी चौकट लागे. वर्गात चौकट आणणार कशी, आणि शिकणारी ती घरी कुठे ठेवणार? त्यांनी क्विल्टचे भाग सुटे सुटे मांडीवर घेऊन शिवायचे आणि शेवटी भाग एकमेकांना जोडायचे, ही पद्धत नीट बसवली. ती सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली आणि १९८२ साली पुस्तकात आणली. वर्गातल्या जागेच्या अडचणीतून पद्धत निघाली, आणि पद्धतीतून पुस्तक.

एक उदाहरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. जिनी बायर हे नाव अमेरिकेतल्या क्विल्टजगात फार मोठं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या नवऱ्याबरोबर दिल्लीत राहत होत्या, आणि क्विल्ट शिवायला त्यांनी सुरुवात केली ती भारतात, आपल्याकडच्या हातछपाईच्या सुती कापडांवर. निळीचे, मंजिष्ठेचे ते रंग आणि काठाच्या वेली त्यांच्या कामात पुढेही राहिल्या. परत गेल्यावर त्या शिकवू लागल्या. १९७९ साली त्यांचं ‘पॅचवर्क पॅटर्न्स’ आलं. या पुस्तकात तयार नमुने वाटलेले नाहीत. कोणताही नमुना पाहून तो स्वतः कसा आखायचा, हे शिकवलं आहे. चौकोनाची चार घरं, नऊ घरं, पाच बाय पाच, सात बाय सात. नमुना यांपैकी कोणत्या जाळीवर बसतो हे ओळखलं की पुढचं सोपं. चांगल्या शिक्षिकेची ही खूण आहे: विद्यार्थिनीला पुढच्या वेळी आपल्याकडे यावं लागू नये, असं शिकवायचं.

आता एक गोष्ट जरा जवळून बघू, कारण वर्ग पुस्तकात कसा उतरतो हे तिथे दिसतं.

दोन रंगांचे काटकोन त्रिकोण जोडून एक चौकोन करायचा आहे. जोडून झाल्यावर तो तीन इंचांचा हवा. नवखी बाई काय करते? दोन्ही बाजूंना टिपेबाहेर पाव पाव इंच माया, म्हणजे अर्धा इंच वाढवते, साडेतीन इंचांचा चौकोन कापते, तिरका चिरून त्रिकोण करते आणि शिवते. शिवून झाल्यावर चौकोन सुमारे तीन सूत, म्हणजे तीन अष्टमांश इंच, कमी भरतो. शेजारच्या चौकोनाशी टोकं जुळत नाहीत. ती टीप उसवते, पुन्हा शिवते, तरी तेच. चूक शिवण्यात नाहीच. त्रिकोणाला तिसरी बाजू आहे, तिरकी, आणि मायेचा वाटा तीही मागते. हिशेब केला तर पाव इंच मायेला प्रत्येक उभ्या-आडव्या बाजूत ०.८५ इंचांची वाढ लागते. कापताना सोयीसाठी ती सात सूत, म्हणजे सात अष्टमांश इंच धरतात. म्हणून तीन इंचांसाठी चौकोन कापायचा तीन इंच सात सूत. माया सहा मिलिमीटर धरली तर वाढ साधारण दोन सेंटिमीटर.

त्यापुढची युक्ती अशी. चौकोन चिरायचाच नाही. दोन रंगांचे दोन चौकोन सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवायचे, खडूने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांना पाव पाव इंचावर टीप मारायची, आणि मग रेघेवर कापायचं. एका खेपेत दोन दुरंगी चौकोन मिळतात. शिवाय उरेब, म्हणजे तिरकी, कड मोकळी राहत नाही, म्हणून ताणली जात नाही. शिंप्याच्या दुकानात काम केलेल्या कोणालाही विचारा, उरेब कापड हातात घेतल्या घेतल्या कसं सैल पडतं ते तो सांगेल.

हा सात सुतांचा आकडा कसलेल्या बाईला सांगावा लागत नाही. ती एकदा दुमडून, लावून बघते आणि कापते. आकड्याची गरज पडते ती परक्या विद्यार्थिनीला, जिच्या हातांना अजून अंदाज नाही आणि जी उद्या घरी एकटी बसून कापणार आहे. शिक्षिका आधी फळ्यावर लिहिते, मग कागदावर, मग एक इंचापासून बारा इंचांपर्यंतचा तक्ता करते. तक्ता छापला की त्याला ‘पृष्ठ क्रमांक’ मिळतो. क्विल्टच्या पुस्तकांतलं सगळ्यांत मौल्यवान पान अनेकदा हेच असतं, आणि ते विद्यार्थिनींच्या चुकांनी लिहिलेलं असतं.

नवं हत्यार आलं तेव्हाही हेच झालं. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचं कटर बाजारात आणलं. पिझ्झा कापायच्या चाकासारखं दिसणारं ते हत्यार जाड मोजपट्टीच्या कडेने फिरवलं की एका वेळी कापडाचे चार-सहा थर सरळ कापले जातात. पुठ्ठ्याचे साचे, त्यांच्याभोवती पेन्सिलीने रेघ, मग कातर, हा सगळा खटाटोप मागे पडला. जुन्या पुस्तकांतली मापं साच्यांची होती. आता पट्ट्यांची मापं हवी होती. ती नव्याने मांडली वर्ग घेणाऱ्यांनीच. जपानमध्येही शिक्षिका-लेखिकांची मोठी परंपरा उभी राहिली. योको साइतो यांचं दुकान, शाळा आणि पुस्तकं एकमेकांना धरून आहेत. तिकडच्या हस्तकलेच्या पुस्तकांत खऱ्या मापाच्या साच्याची मोठी घडी जोडलेली असते, आणि आकृत्या इतक्या चोख असतात की जपानी न येणारी माणसंही त्यांवरून शिवतात.

या सगळ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिक्षिकेला पुस्तक हवं असतं ते नुसत्या हौसेने नव्हे. पुस्तक असलं की गावोगावची मंडळं तिला बोलावतात, बोलावलं की पुस्तकं खपतात, आणि पुस्तकं खपली की पुढचं पुस्तक मागितलं जातं. मग दर पुस्तकाला नवी पट्टी, नवं हत्यार, नवी ‘झटपट’ पद्धत लागते. एकाच तक्त्यावरून शिवलेल्या क्विल्ट एकसारख्या दिसू लागतात. छापलेला नियम हळूहळू एकमेव नियम वाटायला लागतो. हे आक्षेप खरे आहेत. पण त्यांचा दोष पुस्तकाला देण्याआधी पुस्तकाविना काय झालं असतं, हेही बघावं.

इंग्लंडमधल्या एमी एम्स यांचं उदाहरण त्यासाठी उपयोगी आहे. जन्म १९०४ चा, उत्तरेकडच्या संडरलंडचा. तिकडच्या डरहॅम पद्धतीच्या क्विल्टमध्ये ठिगळकाम सहसा नसतं. एकाच रंगाच्या अखंड कापडावर पिसं, गुलाब, वेण्या नुसत्या टाक्यांनी उमटवतात. एम्स हे काम आईकडून शिकल्या, पुढे संध्याकाळच्या वर्गांत त्यांनी ते पुष्कळ जणींना शिकवलं. म्हणजे त्या दोन्ही जगांतल्या: शेजारी बसून शिकलेल्या आणि अनोळख्यांना शिकवणाऱ्या. त्यांचं पुस्तक आलं १९९० साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर. लिखाणाला संपादकाची मदत होती. पण मुखपृष्ठावर नाव त्यांचं, आणि पद्धतही त्यांची. १९९८ मध्ये त्या वारल्या. पुस्तक झालं नसतं तर त्यांचा प्रत्येक साचा कसा फिरवायचा हे फक्त त्यांच्या विद्यार्थिनींच्या आठवणीवर राहिलं असतं.

आता याच्या शेजारी अलाबामातलं जीज बेंड ठेवा. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट २००२ साली मोठ्या संग्रहालयांत लागल्या, जगभर गाजल्या. त्यांवर देखणे ग्रंथ निघाले. ग्रंथांत बायकांच्या तोंडच्या आठवणी आहेत, आणि त्या मोलाच्या आहेत. पण ग्रंथ रचले ते संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी, आणि वाचणाऱ्याला ती क्विल्ट शिवायला शिकवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. शिवणारी बाई ग्रंथाचा विषय झाली, लेखिका झाली नाही. हा फरक आपल्या कामाचा आहे, कारण आपण आज नेमक्या याच वळणावर उभे आहोत.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, महाराष्ट्रात ती घराघरांत शिवली गेली. जुनी नऊवारी, धोतरं, बाळाची झबली, सगळं एकावर एक पसरून धावदोरा. तिच्यावर कविता आहेत, लेख आहेत, आठवणी आहेत. पण किती थर, कोणत्या क्रमाने, दोरा किती पदरी, कोपरा कसा वळवायचा, हे शिकवणारं मराठी पुस्तक मागायला गेलात तर पुस्तकाच्या दुकानात कोणी चटकन काढून देणार नाही. कारण साधं आहे. गोधडी शिकवायला वर्ग लागला नाही. अंगणात चटई पसरली, चार बायका चार बाजूंना बसल्या, की शिक्षण सुरू.

मराठी माणसाला असली पुस्तकं लिहिता येत नाहीत असं नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. तिच्यात वाटी आणि चमच्याची मापं आली, कारण सासर-माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलीला ‘अंदाजाने घाला’ हे सांगून भागत नव्हतं. शिवणात झारापकरांचे वर्ग आणि त्यांची कटिंगची पुस्तकं यांवर शिंप्यांच्या आणि गृहिणींच्या पिढ्या वाढल्या. जिथे शिकणारं माणूस परकं झालं, तिथे मराठीतही पुस्तक झालं.

गोधडीच्या बाबतीत ती वेळ आता आली आहे. शहरांत गोधडीच्या कार्यशाळा भरतात, आणि त्यांत ज्यांच्या घरी कधी गोधडी शिवली गेली नाही अशा मुली आणि मुलगेही येतात. सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हे तर जवळचं उदाहरण. गोव्यातून घाट चढून उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात वसलेल्या या समाजाची कवंदी आज परदेशात शिकवली जाते. तिचं तंत्र अमेरिकन पुस्तकांतल्या पहिल्याच नियमाला छेद देतं. तिकडे सांगतात, टाके मध्यापासून बाहेर न्या, म्हणजे सैलपणा कडेला निघून जातो. कवंदी शिवणारी बाई कडेपासून सुरू करते. कोपऱ्यापासून तुकडे दुमडत, लावत, त्याच दोऱ्याने खालच्या थरासकट टाचत ती फेरी घेत आत आत येते. जोडकाम आणि टाके एकाच वेळी होतात. आपल्याकडच्या अनेक गोधड्यांतही टाक्यांच्या फेऱ्या कडेकडून मध्याकडे येतात. कापड वापरून मऊ झालेलं असतं, ओळी जवळजवळ असतात, आणि जो थोडा सैलपणा उरतो तो प्रत्येक फेरीत बोटांनी वाटून घेतला जातो. त्यातूनच तो सुरकुतलेला पोत येतो. तो सैलपणा कसा वाटायचा, डाव्या हाताचा अंगठा कुठे ठेवायचा, हे कोण लिहिणार? ते एकदा पाहून गेलेल्या अभ्यासकाला लिहिता येणार नाही. जिने दहा नवख्या हातांना ते चुकताना पाहिलं आहे, तिलाच ते लिहिता येईल.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. ज्या संस्था गोधडीच्या कार्यशाळा घेतात, त्यांनी शिकवणाऱ्या बाईच्या शेजारी एक लिहिणारं माणूस बसवावं. विद्यार्थिनी जे प्रश्न विचारतात ते जसेच्या तसे टिपावेत, आणि बाईंची उत्तरंही त्यांच्याच शब्दांत. ज्या ठिकाणी तीन जणी अडल्या, तिथे एक आकृती काढावी. मापं इंचात, सुतात आणि वितीत, तिन्ही द्यावीत. बाई लिहू-वाचू शकत नसतील तर त्यांना वाचून दाखवावं आणि त्या ‘असं नाही’ म्हणाल्या की खोडावं. दुसऱ्या वर्गात त्याच टिपणांवरून शिकवून बघावं. जे कळलं नाही ते पुन्हा लिहावं. दोन-तीन खेपांत पुस्तक तयार होईल. टिपून घेणाऱ्याचं नाव आत यावं, ‘शब्दांकन’ म्हणून. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव बाईंचं असावं, आणि मानधनाचा करारही त्यांच्याच नावे व्हावा.

गोधडीचा धावदोरा कोणाच्या मालकीचा नाही, लॉग कॅबिनही नाही. पण तो दुसऱ्याला कळेल असा मांडणं हे कर्तृत्व आहे, आणि कर्तृत्वाला लेखकाचं नाव लागतं. क्विल्टच्या जगात शिक्षिकांनी ते नाव मिळवलं, कधी दुकानदाराच्या मदतीने, कधी पदरच्या पैशाने. आपल्या शिक्षिकांना ते मिळवून देणं ही आता वर्ग भरवणाऱ्यांची, प्रकाशकांची आणि शिकून गेलेल्या आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे.